डेक्कन एअरवेज म्हणजे एअर डेक्कन नव्हे: हैदराबाद संस्थानच्या विमान कंपनीचं 1953 मध्ये नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा: "जुन्या पेटीत एक टपालाचं पाकीट, विमानाचा एक फोटो आणि कंपनीचे काही कागद सापडले. त्यांवर डेक्कन एअरवेज असं नाव आहे. आम्ही परभणीचे, आजोबा हैदराबादला नोकरीला होते. ही एअर डेक्कनचीच जुनी कंपनी का? निजामाची होती म्हणतात, मग ती बुडाली की विकली?"

उत्तर: एअर डेक्कनशी तिचा काडीचाही संबंध नाही. आणि ती बुडालीही नाही, कुणी बाजारात विकलीही नाही. 1 ऑगस्ट 1953 ला कायद्याने तिचा सगळा कारभार उचलून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनच्या हवाली केला.

आधी नावाचा घोळ मिटवू. एअर डेक्कन ही कॅप्टन गोपीनाथांनी बेंगळुरूहून 2003 मध्ये सुरू केलेली स्वस्त तिकिटांची कंपनी. तिचंही विलीनीकरणच झालं: 2007 मध्ये किंगफिशरवाल्यांनी 26 टक्के भाग घेतला, 2008 मध्ये दोन्ही एक झाल्या, ताफ्याला किंगफिशर रेड हे नाव मिळालं आणि 2012 मध्ये किंगफिशरच बसली. तुमच्या पेटीतली डेक्कन एअरवेज त्याहून अर्ध्या शतकाआधीची. दोन्ही नावांत दख्खन आहे, एवढंच साम्य.

सुरुवात

डेक्कन एअरवेजची स्थापना 1945 ची. हैदराबाद सरकार आणि टाटा यांची ती भागीदारी होती आणि तिचा तळ बेगमपेठ विमानतळावर होता. विमानं प्रत्यक्ष उडायला लागली ती 1946 च्या जुलैपासून. टाटांची 1932 पासूनची विमानवाहतूक होती, त्यामुळे कारभाराचा अनुभव त्यांचा. पैसा आणि पाठबळ मुख्यतः संस्थानचं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे तेव्हाचे पाचही जिल्हे त्याच संस्थानात होते. म्हणून परभणीच्या घरात तिचे कागद सापडले तर त्यात नवल नाही.

संस्थानची पद्धतच अशी होती की वाहतूक सरकारच्या मुठीत ठेवायची. रेल्वे त्यांची स्वतःची. 1932 च्या जूनमध्ये त्याच रेल्वेची शाखा म्हणून 27 गाड्या आणि 166 माणसं घेऊन सरकारी बससेवा निघाली. विमान ही त्याच साखळीतली पुढची कडी.

मुख्य मार्ग मद्रास–हैदराबाद–नागपूर–दिल्ली असा उभा. त्याला हैदराबाद–बेंगळुरू आणि हैदराबाद–मुंबई हे फाटे. नकाशावर बेगमपेठ ते मुंबई पट्टी ठेवून पाहा. रेघ बीदरच्या थोडी दक्षिणेकडून निघते आणि जवळजवळ थेट धाराशिव शहरावरून जाते. मराठवाड्याच्या वाट्याला मुख्यतः डोक्यावरून जाणारी ही रेघ आली. परभणी-नांदेडच्या माणसाला राजधानी गाठायची तर मनमाड–काचीगुडा मीटरगेज हाच रस्ता. निजामी काळात 1901 पर्यंत पुरी झालेली ती सुमारे 391 मैलांची लाइन.

डाकोटा

कंपनीचा कणा म्हणजे डाकोटा विमान. हे समजलं की पुढचं अर्थकारणही समजतं, म्हणून इथे जरा थांबतो.

महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सैन्याची शेकडो विमानं भारतात पडून होती. परत नेण्यापेक्षा इथेच विकणं परवडत होतं. बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांना नागरी रूप दिलं जायचं: लष्करी बाकं काढायची, आसनं बसवायची, आतून अस्तर लावायचं, इंजिनं उघडून दुरुस्त करायची. देशातल्या बहुतेक कंपन्यांकडे हेच विमान होतं. दोन प्रॅट अँड व्हिटनी इंजिनं, प्रत्येकी 14 सिलिंडर आणि सुमारे 1,200 अश्वशक्ती. आसनं मांडणीनुसार 21 ते 28. वेग ताशी 260-270 किलोमीटरच्या आसपास. धावपट्टी डांबरीच हवी असा हट्ट नाही. चांगली ठोकलेली मातीही चालायची.

हैदराबाद–मुंबई हे अंतर हवाई रेषेत साधारण 620 किलोमीटर, म्हणजे अडीच तासांचा प्रवास. दोन्ही इंजिनं मिळून तासाला ढोबळ मानाने 350 लिटर पेट्रोल पितात. हे विमानाचं पेट्रोल, आजच्या जेटचं केरोसीन नव्हे. म्हणजे एका फेरीला पावणेनऊशे ते नऊशे लिटर लागायचं आणि राखीव साठा त्याहून वेगळा. विमानात आठ माणसं असोत की अठ्ठावीस, हा आकडा फारसा हलत नाही. अठ्ठावीस आसनं भरली तर माणशी 32 लिटर. आठच भरली तर 110. तिकीट मात्र तेवढंच. कंपन्यांचं दुखणं या भागाकारातच होतं.

दुसरी अडचण उंचीची. डाकोटाच्या आत हवेचा दाब राखण्याची सोय नसते, त्यामुळे प्रवाशांना घेऊन साधारण दहा हजार फुटांच्या खालीच राहावं लागतं. आणि दख्खनच्या पठारावर एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत नेमके त्याच थरात असतात. वरून गुळगुळीत हवेत निघून जाण्याची सोय नाही. उलट्यांच्या कागदी पिशव्या तेव्हा शोभेला ठेवत नसत. शिवाय बेगमपेठ समुद्रसपाटीपासून सुमारे 530 मीटर उंच. तापलेली, विरळ हवा इंजिनाला कमी जोर देते आणि पंखाला कमी उचल. म्हणून असल्या ठिकाणी उन्हाळ्यात भरल्या विमानाचं उड्डाण पहाटे ठेवायचं, नाहीतर वजन उतरवायचं. पावसाळ्यात तऱ्हा उलटी: रडार नाही, ढगांच्या भिंतीला वळसा घालायचा, आणि मुंबई बंद असेल तर परत फिरण्याइतकं पेट्रोल टाकीत हवंच. ते पेट्रोल नेलं की तेवढ्या वजनाचे प्रवासी कमी.

1948: एक गैरसमज

पोलीस ॲक्शनचा विषय निघाला की "निजामाची विमानं रात्री शस्त्रं आणायची" हे वाक्य येतंच, आणि ते सरळ डेक्कन एअरवेजच्या नावावर खपतं. ती चोरटी वाहतूक झाली हे खरं. पण ती केली सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने. कराचीहून लँकास्ट्रियन जातीची चार इंजिनांची विमानं तो बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर आणायचा. डेक्कन एअरवेजची दोन इंजिनांची डाकोटा आणि ती विमानं यांत बैलगाडी आणि लॉरीइतका फरक आहे. दोन्हींची गल्लत करणाऱ्या लेखावर मी तरी बाकी बाबतीतही विश्वास ठेवणार नाही.

13 ते 17 सप्टेंबर 1948 ची कारवाई झाली आणि संस्थान भारतात आलं. कंपनी मात्र तशीच राहिली. संस्थानकडचा हिस्सा हैदराबाद राज्य सरकारकडे, टाटांचा टाटांकडे. रेल्वेसारखं तिचं लगेच केंद्रीकरण झालं नाही. रेल्वे 1 एप्रिल 1950 ला केंद्राकडे गेली आणि 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वेत मिसळली. विमान कंपनी त्यानंतरही पावणेदोन वर्षं स्वतःच्या नावाने उडत होती.

याच कंपनीच्या नावावर एक गोष्ट ठळक लिहायला हवी. प्रेम माथुर या भारतातल्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक. बाकी कंपन्या बाईच्या हाती विमान द्यायला तयार नव्हत्या, तेव्हा त्यांना नोकरी दिली ती डेक्कन एअरवेजने. 1949 ची राष्ट्रीय हवाई शर्यतही त्यांनी जिंकली. राष्ट्रीयीकरणानंतर त्या इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या.

घोडं कुठे अडलं

1946 मध्ये परवाना मंडळ बसलं आणि त्याने परवाने सढळ हाताने वाटले. सगळ्यांना वाटलं, स्वस्तात विमान मिळतंय तर कंपनी काढू. पण विमान स्वस्त असलं तरी त्याच्यामागचा लवाजमा स्वस्त नसतो. दहा विमानांना एक कार्यशाळा लागते, तशीच तीन विमानांनाही एक पूर्ण कार्यशाळा लागते. सुटी इंजिनं, परवानाधारक मेकॅनिक, वायरलेसवाले, तिकीट कचेऱ्या, हे सगळं प्रत्येक कंपनीचं वेगवेगळं. मार्गांवर प्रवासी तेवढेच, वाटेकरी जास्त. विमान दिवसातून जितके तास हवेत, तितकी कमाई. आणि ही विमानं बहुतेक वेळ जमिनीवर उभी असायची. त्यात पेट्रोलवरचा कर. सरकारने त्यात सूट दिली, पण तोवर अंबिका आणि ज्युपिटरसारख्या कंपन्या मिटल्या होत्या.

1950 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. समितीने निदान अचूक केलं: कंपन्या जास्त, धंदा कमी. उपाय सांगितला तो आपखुशीने एकत्र येऊन चार कंपन्या करण्याचा. राष्ट्रीयीकरण तूर्त नको, असंही म्हटलं. आपखुशीने कोण कुणात विरघळतो? दोन वर्षांत कुणी एकत्र आलं नाही. जुनी झालेली डाकोटा बदलायला लागणारं भांडवलही कुणाकडे नव्हतं. मग दळणवळण मंत्री जगजीवनराम यांनी 1953 चं विधेयक आणलं.

विलीनीकरणात नेमकं काय हललं

इथेच लोकांचा जास्त गोंधळ होतो, कारण विलीनीकरण हा एकच शब्द आपण वेगवेगळ्या व्यवहारांना वापरतो. आजकाल दोन कंपन्या एक होतात तेव्हा एकीचे शेअर देऊन दुसरीचे मिळतात. 1953 मध्ये तसं झालं नाही. हवाई निगम कायद्याने कंपनी घेतली नाही. कंपनीचा चालता उद्योग घेतला. विमानं, इंजिनं, सुटे भाग, इमारती, करार, देणी-घेणी, सगळं 1 ऑगस्ट 1953 ला निगमाचं, म्हणजे इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनचं झालं. मागे उरली ती भरपाई घेऊन भागधारकांत वाटायची आणि मग गुंडाळायची अशी रिकामी कंपनी. म्हणून डेक्कन एअरवेजचा शेअर इंडियन एअरलाइन्सच्या शेअरमध्ये बदलला, असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. निगमाचे शेअर बाजारात नव्हतेच.

भरपाई कशी मोजली? नावाची, मार्गांची किंवा पुढे होऊ शकणाऱ्या नफ्याची किंमत नाही. वस्तूची खरेदी किंमत, त्यातून वापराचा घसारा वजा, असा हिशेब कायद्याच्या परिशिष्टातच घालून दिला होता. रक्कमही बहुतेक रोख्यांच्या रूपात. खासगी मालक यावर नाराज होते. डेक्कनच्या बाबतीत मात्र गंमत अशी की मोठा भागधारक खुद्द हैदराबाद राज्य सरकार. म्हणजे बराचसा व्यवहार सरकारच्या या खिशातून त्या खिशात.

माणसांचं कलम सर्वात महत्त्वाचं. 1 जुलै 1952 च्या आधीपासून नोकरीत असलेला आणि विलीनीकरणाच्या दिवशीही नोकरीत असलेला प्रत्येक कर्मचारी त्याच पगारावर, त्याच अटींवर आपोआप निगमाचा झाला. ज्याला नको असेल त्याने तसं कळवायचं. त्या तारखेनंतर लागलेल्यांना हे कवच नव्हतं. राष्ट्रीयीकरणाची चाहूल लागल्यावर घाईने भरती करून ती निगमाच्या गळ्यात मारू नये, हा त्यातला रोख उघड आहे.

डेक्कनबरोबर गेलेल्या बाकी सात कंपन्या अशा: एअर इंडियाची देशांतर्गत सेवा, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, एअरवेज इंडिया, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, इंडियन नॅशनल एअरवेज आणि बिजू पटनायकांची कलिंग एअरलाइन्स. निगमाच्या हाती एकूण 99 विमानं आली. त्यांत 74 डाकोटा, 12 व्हायकिंग, 3 मोठी डीसी-4 आणि उरलेली किरकोळ. सुरुवातीला जुन्या कंपन्या लाइन या नावाने जवळपास आपापल्या जागीच चालत राहिल्या. मग कारभार मोठ्या शहरांच्या विभागांत गोळा झाला. हैदराबाद कंपनीचं मुख्यालय होतं, ते आता एका मोठ्या जाळ्यातलं एक ठाणं झालं. माझ्या मते खरं नुकसान हे. विमानं गेली नाहीत, नोकऱ्या गेल्या नाहीत. मार्ग कुठून सुरू करायचा हे ठरवणारं टेबल गेलं. पुढे इंडियन एअरलाइन्सचं वैमानिक प्रशिक्षण केंद्र मात्र हैदराबादलाच आलं.

मराठवाड्याला हा प्रकार ओळखीचा आहे. निजामी बस आधी मराठवाडा राज्य परिवहन झाली, 1961 मध्ये एसटीत गेली. हैदराबाद बँक 2017 मध्ये स्टेट बँकेत गेली, तरी तिच्या शाखेला लोक अजून एसबीएचच म्हणतात. विमानाच्या बाबतीत असं तोंडी नाव उरलं नाही, कारण आपल्याकडचे फार थोडे लोक त्यात बसले होते. नांदेडहून हैदराबादला उडान योजनेतलं विमान सुटलं ते थेट 27 एप्रिल 2017 ला.

इंडियन एअरलाइन्स स्वतः 2007 मध्ये एअर इंडियात विलीन झाली आणि जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे परतली. बेगमपेठच्या भागीदारीतला एक भागीदार असा 69 वर्षांनी पुन्हा त्याच दारात आला.

आता तुमच्या पेटीकडे

पाकीट उलटून मागचा शिक्का वाचा. पुढच्या बाजूला सहसा पाठवलेल्या गावाचा शिक्का असतो आणि मागे पोचलेल्या गावाचा. दोन्ही गावं रेल्वेने एका दिवसात पोचण्यापलीकडची असूनही तारखांमध्ये एक दिवस किंवा त्याहून कमी अंतर असेल, तर टपाल विमानानेच गेलं असं धरायला हरकत नाही. निळी हवाई टपालाची चिठ्ठी किंवा जादा तिकीट नाही म्हणून ते रेल्वेनेच गेलं, असं मात्र समजू नका: 1 एप्रिल 1949 पासून साधी पत्रंसुद्धा जादा आकार न घेता विमानाने जात होती.

नागपूरचा शिक्का असेल तर पाकीट जपून ठेवा. 30 जानेवारी 1949 ला रफी अहमद किदवईंच्या काळात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं, मध्यरात्रीनंतर चारही नागपूरच्या सोनेगावला उतरायची, पोती अदलाबदल व्हायची आणि उजाडेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परत. स्वस्त दरात प्रवासीही न्यायचे. सेवा सुरू केली दुसऱ्या कंपनीने. नंतर डेक्कनची डाकोटाही या कामावर होती.

तिकीट निजामी आहे की भारतीय, तेही बघा. संस्थानची तिकिटं संस्थानच्या हद्दीतच चालायची आणि 1950 मध्ये बंद झाली. मुंबई-मद्रासला गेलेल्या पाकिटावर फक्त निजामी तिकीट असेल, तर काहीतरी गडबड आहे. नंतर कुणी हौसेने चिकटवलेलंही असू शकतं.

फोटोत विमानाच्या शेपटीजवळ किंवा पंखावर व्ही-टी आणि पुढे तीन रोमन अक्षरं शोधा. भिंगाने वाचा, उजेड तिरका पाडून. मालक बदलला तरी भारतात विमानाची ही अक्षरं बदलत नाहीत. त्यामुळे इंडियन एअरलाइन्सच्या रंगातलं डाकोटा हे मूळचं डेक्कनचंच असू शकतं, आणि अक्षरं मिळाली की त्याचा जन्मापासूनचा इतिहास लावता येतो. मागे छोटं चाक आणि नाक वर करून उभं असलेलं विमान असेल तर ते डाकोटा असण्याची शक्यता मोठी. डाव्या अंगाला मागे दुहेरी रुंद दार दिसलं तर ते लष्करी मालवाहू रूपातून आलेलं आहे.

कागदांवर रकमेपुढे ओ. एस. लिहिलं असेल तर तो उस्मानिया सिक्का, म्हणजे हाली. सात हाली रुपयांना सहा कलदार (म्हणजे इंग्रजी मुलखातले रुपये), हा ढोबळ भाव; जुन्या चोपड्यांत तोच 116 रुपये 10 आणे 8 पै हाली बरोबर 100 कलदार असा दिसतो. पगाराचे किंवा भाड्याचे आकडे ताडून पाहण्याआधी हे रूपांतर करून घ्या, नाहीतर आकडा सहाव्या हिश्शाने फुगलेला दिसेल.

कागदांत शेअर सर्टिफिकेट निघालं तर आज त्यातून पैसे निघण्याची आशा धरू नका. भरपाई तेव्हाच कंपनीकडे गेली आणि तिथून वाटली जायची होती. जुने कागद जमवणाऱ्याला त्याची किंमत असते, ती वेगळी. फ्रेम करायची असेल तर लॅमिनेशन करू नका आणि मागे डिंक लावू नका. पण नेमणूकपत्र किंवा पगाराची नोंद निघाली तर आधी तारीख बघा. 1 जुलै 1952 च्या आधीची असेल आणि आजोबांनी मध्येच नोकरी सोडलेली नसेल, तर 1 ऑगस्ट 1953 नंतरची त्यांची नोंद इंडियन एअरलाइन्सच्या नावाने शोधायला हवी. डेक्कन एअरवेजच्या नावाने तिथून पुढे काहीच सापडणार नाही.